बंदूक कुणाला सापडली

लवूनं आधी डुकराचा मागचा पाय बाहेर ओढला, मग पायामागून सगळं धूड. ते कातळावर आडवं पडल्यावर तो पुन्हा कपारीत शिरला, कारण त्याचा कुत्रा आतच काहीतरी हुंगत राहिला होता आणि हाकेला येत नव्हता. थोड्या वेळानं कुत्रा बाहेर आला. त्याच्यामागून लवू रांगत आला तेव्हा त्याच्या हातात बंदूक होती.

उजेडात त्यानं ती नीट बघितली आणि घाईनं खाली ठेवली. दोन पावलं मागे सरकून दोन्ही तळवे कमरेच्या पंच्याला पुसले.

“गुरुजी,” तो म्हणाला, “ही माका गावाक नाय. तुमका गावली.”

नाना, म्हणजे माझे वडील, दहा पावलांवर उभे राहून आपल्या एकनळीतलं रिकामं काडतूस काढत होते. गावच्या शाळेचे ते मुख्याध्यापक. ती बंदूक त्यांच्याकडे शेती राखायला म्हणून होती, आणि परवान्यावर तसंच लिहिलेलं होतं. डुकराची पारध करायला जंगलखात्याची परवानगी लागते, ती आमच्या गावात कुणी कधी काढलेली मी ऐकली नाही. मी कोल्हापूरला एम. ए. करत होते, सुट्टीला आले होते आणि पारध कशी असते ते बघायचं म्हणून हट्टानं त्यांच्याबरोबर आले होते. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि जगात जे काही बघायचं ते मत बनवायलाच, अशी माझी समजूत होती.

नाना जवळ आले. बंदुकीपाशी उकिडवे बसले, पण तिला हात लावला नाही.

दुनळी होती. दस्त्याचं लाकूड वाळवीनं अर्धं खाल्लेलं, नळ्या गंजून तांबड्या, पट्ट्याचं चामडं कुजून गेलेलं. दस्त्यावर ठोकलेली चांदीची पट्टी मात्र शाबूत होती, आणि तिच्यावरची अक्षरं मला उभ्यानं वाचता येत होती. अशी पट्टी पंचक्रोशीत एकाच बंदुकीवर होती. दाजीसाहेबांच्या. गावाचा निम्मा डोंगर आणि सगळ्या काजूच्या बागा त्यांच्या होत्या, आणि उरलेल्या निम्म्या गावाला ते आपले मालक वाटत.

पाच वर्षांपूर्वी ही बंदूक त्यांच्या माडीवरून चोरीला गेली होती. चोरीचा आरोपी लवू होता. दर आठवड्याला ती बंदूक पुसून तेल लावायचं काम त्याचं, एवढा पुरावा पोलिसांना पुरला. आठ महिने त्यांनी त्याला आत ठेवलं. बाहेर आला तो जामिनावर, आणि तेव्हापासून तो टाचा टेकून चालत नसे. खटला अजून उभा होता. बंदूकच मिळालेली नव्हती, त्यामुळे तो पुढेही सरकत नव्हता आणि पडतही नव्हता. लवू तारखेला जायचा, पुढची तारीख घेऊन यायचा. मधल्या काळात चिऱ्याच्या खाणीवर काम करायचा. आणि ज्या लोकांनी त्याच्यासाठी तोंड उघडलं नव्हतं त्यांनी बोलावलं की त्यांच्या पारधीला रान उठवायला जायचा, कारण डुक्कर कुठल्या वाटेनं उतरणार हे गावात त्याच्याइतकं कुणाला कळत नसे.

“तुमका गावली,” लवू पुन्हा म्हणाला. “गुरुजी, तुमच्या पायार हात ठेवतंय.”

“ठेवू नकोस,” नाना म्हणाले. “मला सापडली. जा, त्या दगडावर जाऊन बस.”

मग त्यांनी एक गोष्ट केली. आपली एकनळी माझ्या हातात दिली, चष्मा खिशात ठेवला आणि पंचावन्न वर्षांचे ते गृहस्थ चार पायांवर होऊन त्या कपारीत शिरले. त्यांच्या चपलांचे तळ मला दिसत होते. आत ते वळले असावेत, कारण बाहेर आले ते डोकं पुढे करून. केसांत कोळिष्टकं, सदऱ्याच्या पुढच्या अंगाला डुकराचं रक्त आणि माती, एक कोपर सोललेलं. उभे राहून त्यांनी चष्मा लावला आणि दम घेतला.

“हे कशासाठी?” मी विचारलं.

“कुणी विचारलं तर कपडे स्वच्छ असून चालणार नाही.”

खोटं बोलायचं ते इतक्या तयारीनं! मला त्यांची लाज वाटली, आणि ती माझ्या चेहऱ्यावर दिसली असणार. नानांनी माझ्याकडे बघितलं आणि दुसरीकडे बघितलं.

तेवढ्यात खालून हाका मारत बाकीचे दोघे वर आले. बाबी रेशन दुकानवाला आणि अंता, आमचा पोलीस पाटील. बाबीची नजर आधी डुकरावर गेली.

“मेल्या, केवढो हा! गुरुजी, खय लागली गोळी?” मग त्याला बंदूक दिसली. त्यानं वाकून पट्टी वाचली, सरळ झाला आणि अंताकडे बघितलं. “अंता, ही ती.”

अंतानं वाकायचीही तसदी घेतली नाही. “कोणाक गावली?”

“मला,” नाना म्हणाले. “डुक्कर आत शिरलं होतं, मी त्याच्यामागून शिरलो.”

अंतानं त्यांच्या सदऱ्याकडे बघितलं, सोललेल्या कोपराकडे बघितलं आणि मग लांब दगडावर बसलेल्या लवूकडे बराच वेळ बघत राहिला.

“आणि लवू हयच,” तो म्हणाला. “बरो जागो ठावक होतो रे तुका.”

लवू कुत्र्याच्या कानातल्या गोचिड्या काढत राहिला.

“मी सांगितलं ना, मला सापडली.” नानांचा आवाज चढला. शाळेतही तो फारसा चढत नसे.

“होय होय, तुमका,” अंता म्हणाला.

बाबीला या सगळ्यात वेळ चाललाय असं वाटत होतं. “आधी ह्येचा बघूया,” त्यानं डुकराला पायानं ढकललं. “बंदूक पाच वर्सा पळाक नाय, ती आता खय पळता? मटान खराब होतला.”

आणि त्यांनी खरोखरच आधी डुक्कर कापलं. म्हणजे लवूनं कापलं. ते दोघे सूचना देत उभे होते. सागाच्या पानांवर वाटे पडले. आमच्याकडे पारधीत माणसांचे वाटे वेगळे आणि बंदुकीचा वाटा वेगळा असतो. ज्याच्या बंदुकीनं डुक्कर पडलं त्याला बंदुकीच्या नावानं एक वाटा जास्त. बाबीनं गंजलेल्या दुनळीकडे बोट केलं.

“हिका पण वाटो लावचो काय? हाजर आसा म्हणान?”

अंता इतका हसला की त्याला खोकला आला. लवूचा वाटा सगळ्यांत शेवटी पडला, त्यात बरगड्या जास्त होत्या.

हात धुऊन झाल्यावर विचार सुरू झाला. बाबीचं म्हणणं सरळ होतं. “परत आत टाका. पाच वर्सा होती, आणखी पन्नास र्‍हवात. आपण बघूक नाय.”

“तसा नको,” अंता म्हणाला. “वस्तू दाजीसाहेबांची. मी तेंका जावन इचारतंय. ते सांगतीत तसा करूया.”

मला राहवलं नाही. “चोरीची तक्रार आहे, खटला चालू आहे. दाजीसाहेबांना काय विचारायचं? पोलीस पाटील तुम्ही आहात ना?”

“गो वसू,” अंता अगदी प्रेमानं म्हणाला, “मी पोलीस पाटील गावात. हय मी शिकारी.”

नाना इतका वेळ बंदुकीपाशी बसून होते. ते म्हणाले, “अंता, इकडे ये. हे घोडे बघ. डावा पडलेला, उजवा चढवलेला. एक बार झालाय आणि दुसरा टाकायच्या तयारीत होता. माडीवरच्या खुंटीला कुणी घोडा चढवून बंदूक टांगतं का?”

अंतानं बघितलं नाही. बोलला बाबी, आणि तोही गंमत सांगावी तसा.

“अवो गुरुजी, ही पडली तेव्हा मी होतंय ना हय! डुक्कर अंगार इलो, दाजीसाहेब चढले त्या झाडार. एका हातात बाटली. बंदूक खय उडाली ता तेंकाच समाजला नाय. दोन तास शोधली आमी.”

नाना सावकाश उठले. “तू इथे होतास?”

“मी होतंय, दाजीसाहेब होते, तेंचो भाचो होतो.”

“आणि लवूला धरून नेलं तेव्हा?”

बाबीनं खांदे उडवले. “तेव्हा माका कोणी इचारूक नाय.”

हे वाक्य तो लाजून बोलला नाही, उद्धटपणेही बोलला नाही. दुकानात साखर संपली असं सांगावं तसा बोलला. दाजीसाहेबांनी हलगर्जीपणानं बंदूक हरवली असं कळलं असतं तर परवाना गेला असता, आणि त्या वर्षी पंचायतीची निवडणूक होती. चोरी झाली की माणूस बिचारा ठरतो. हे बाबीला तेव्हाही कळलं होतं आणि आत्ताही. लवूही ऐकत होता. त्याला त्यात नवीन काही नसावं. त्यानं मानही वर केली नाही.

“या बंदुकीला कुणीही हात लावायचा नाही,” नाना म्हणाले. “आहे तशी, आहे तिथे राहील. मी ठाण्यावर जातो.”

“आणि पारधीचा काय सांगशात?” दोघांनी एकदमच विचारलं.

“मी एकटा होतो असं सांगेन. वसू बरोबर होती.”

“मगे बराच,” बाबी म्हणाला. त्यानं पानं गुंडाळली, दोरीनं बांधली आणि दोघे खाली उतरले. जाताना ते बंदुकीचा वाटा विसरले नाहीत. नानांच्या वाट्याशेजारी तो नीट झाकून ठेवला. नियमाला ही माणसं फार पक्की.

नानांनी बंदुकीवर पानाफांद्या टाकल्या. मग लवूला उठवलं. “घरी जा. तू कपारीत शिरला नव्हतास, तू खाली रान उठवत होतास. बंदूक मला सापडली. बायकोलाही हेच सांग. तुला काही होणार नाही.”

“गुरुजी, पुन्ना नाय ना नेवचे?”

“नाही नेणार.”

लवू गेला. त्याचा वाटा तिथंच पडला होता, तो नानांनी त्याला हाक मारून दिला.

मागच्या महिन्यात नाना गेले. शाळेत शोकसभा झाली. अंता आता सत्तरी ओलांडलेला, त्याला धरून उभं केलं. तो म्हणाला, गुरुजी जन्मात कधी खोटं बोलले नाहीत. लोकांनी माना डोलावल्या, एकीनं डोळे पुसले. मी पहिल्या रांगेत बसले होते. त्या दिवसाबद्दल लिहायचं मी तिथं ठरवलं.

त्या दिवशी सड्यावरून, त्या कातळाच्या माळावरून, डांबरी रस्ता तासाभराच्या चालीवर होता. मी भराभर चालत होते. नाना मागे राहत होते.

“वसू, थांब जरा. ठाण्यावर मला आणखी एक सांगायचंय. ते तू आधी ऐक.”

मी थांबले.

“चोरीचा पंचनामा झाला होता तेव्हा. माडीच्या दाराचं कुलूप तोडलेलं, खुंटी रिकामी, वगैरे. त्याच्यावर पंच म्हणून माझी सही आहे.”

“तुम्ही कुलूप बघितलं होतंत?”

“नाही.”

“माडीवर गेला होतात?”

“नाही. अंतानं कागद शाळेत आणून दिला. मधली सुट्टी होती. नेहमीच आणायचा. झाड पडलं, गुरं बुडाली, कुणी फास लावून घेतला. शिकलेला माणूस म्हणून माझी सही. मी वह्या तपासत होतो.”

“आणि न वाचता सही केलीत.”

“वाचला,” नाना म्हणाले. ते खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. “वाचला. ‘दिसुन आले’ असं लिहिलं होतं, पहिला उकार. मी तो दुसरा केला. आणखीही एक चूक होती. त्या दुरुस्त केल्या आणि सही केली.”

मी त्यांच्याकडे बघत राहिले. एका माणसाच्या टाचा गेल्या आणि ह्यांनी शुद्धलेखन सुधारलं होतं. मी पुस्तकांत भित्री माणसं पुष्कळ वाचली होती, पण त्यांतलं एकही असं हास्यास्पद नव्हतं.

“पाच वर्षं गप्प बसलात?”

“मला वाटत होतं, चोरी झालीच असेल. सही नुसती उपचाराची. बाबी आज बोलेपर्यंत तसंच वाटत होतं. म्हणजे, वाटवून घेत होतो.” ते पुन्हा चालू लागले. “आज सांगणार आहे सगळं. माझी नोकरी जाईल कदाचित. पण मी पंच आहे, मी सांगितलं तर त्यांना लिहून घ्यावंच लागेल. लवू सुटेल.”

“मग सगळं खरंच सांगा. बंदूक लवूला सापडली हेही.”

“ते नाही.”

“का? एक खोटं निस्तरायला दुसरं?”

“वसू, त्याच्या नावावर चोरी आहे. चोराला चोरीची वस्तू सापडत नाही, तो ती काढून देतो. त्यांच्या भाषेत तसंच असतं.”

“त्यांच्या भाषेत! तुम्हाला त्यांची भाषा चांगलीच येते.”

आम्ही रस्त्यापर्यंत पोचलो. एसटी आली. आम्ही वेगवेगळ्या बाकांवर बसलो. जागा एकत्र होती तरी.

ठाण्यावर फौजदार साताऱ्याकडचा होता, नवीन आलेला. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला. नाना सांगू लागले. शेतात डुक्कर आलं होतं, बार टाकला, माग काढत गेलो, कपारीत बंदूक दिसली. घोडे कसे आहेत ते सांगितलं. मग पंचनाम्याचं सांगितलं, मधल्या सुट्टीसकट. मला वाटत होतं तसे ते अडखळले नाहीत. फौजदारानं लिहायला घेतलेलं पेन मिटवून ठेवलं.

“गुरुजी, हे लय जड होतंय. स्वतःच्याच सहीवर उलटताय.”

“उलटतो आहे. लिहून घ्या.”

“घेतो की. पण पहिलं पहिल्यांदा.” त्यानं पेन पुन्हा उघडलं. “बंदूक सापडली कुणाला?”

“मला.”

“दुपारी दाजीसाहेबांचा फोन आलता. ते म्हणत होते, तुमच्यासंगं लवू होता.”

अंताला ठाण्यावर यायचं सुचलं नव्हतं. दाजीसाहेबांच्या घरी मात्र तो आम्ही एसटीची वाट बघत होतो तेवढ्यात पोचला होता.

“लवू खाली होता,” नाना म्हणाले. “कपारीत मी शिरलो. हे कपडे बघा.”

फौजदारानं कपडे बघितले. मग तो माझ्याकडे वळला. चांगला हसतमुख माणूस होता.

“ताई, तुम्ही कॉलेजात शिकता म्हणं. तुम्ही तिथं होता. तुमचे वडील म्हणतात, बंदूक त्यांना सापडली. बरोबर हाय का?”

नाना माझ्याकडे बघत नव्हते. टेबलावरच्या शाईच्या डागाकडे बघत होते. कोळिष्टकाचा एक धागा अजून त्यांच्या कानामागे होता. मला ते सोललेलं कोपर दिसत होतं, तो दुसरा उकार दिसत होता, बाबी आणि अंता दिसत होते आणि वाटत होतं की हे सगळे एकाच पिठाचे आहेत. या गावात एकानं तरी एकदा सरळ उत्तर द्यायला हवं होतं, आणि ते देणारी मी असणार होते.

“नाही,” मी म्हणाले. “लवूला सापडली. डुक्कर ओढायला तो आत शिरला होता. मी समोर होते.”

फौजदारानं ते लिहून घेतलं.

“आणि हेच महत्त्वाचं आहे,” मी पुढे बोलू लागले. मी फार छान बोलले. वाळवीला दस्ता खायला किती काळ लागतो, चढवलेल्या घोड्याचा अर्थ काय, ज्यानं बंदूक लपवली असेल तो ती इतरांसमोर आपण होऊन बाहेर काढेल का, बाबी पाच वर्षांपूर्वीच्या त्या पारधीला हजर होता. मुद्द्यामागून मुद्दा. परीक्षेत लिहावं तसं. मध्ये श्वास घ्यायला थांबले तेव्हा लक्षात आलं की पेन हलत नाहीये. मी पहिलं वाक्य बोलले तेवढंच त्यानं लिहिलं होतं. त्याच्याखाली तो एक रेघ मारत होता.

“बाबी अशी साक्ष देईल?” त्यानं विचारलं.



“म्हणजे असं,” तो कागदाकडे बघत म्हणाला, “आरोपीनं जागा दाखवली, आरोपीनं मुद्देमाल काढून दिला. दोन जणांच्या समक्ष.” मग तो नानांकडे वळला, आणि त्याच्या आवाजात तिरकसपणा नव्हता, उलट थोडी कीवच होती. “गुरुजी, आता तुमचं ते पंचनाम्याचं. घटकाभरापूर्वी तुम्ही मला तोंडावर खोटं सांगितलंत, तुमच्या पोरीनंच पकडलं. मग पंचनाम्याचं तेवढं खरं, हे मी साहेबांना कसं सांगू? तुम्हीच सांगा.”



“लिहून तर घ्या,” नाना म्हणाले.

“घेतो. पण उपयोग नाही.”

“तरी घ्या.” मग माझ्याकडे न बघता, “वसू, तू बाहेर बस.”

त्या विषयावर नाना मला यानंतर एक शब्द बोलले नाहीत. रागावले नाहीत, सुनावलं नाही. एकतीस वर्षं.

पुढचं थोडक्यात सांगण्यासारखं आहे. बंदूक आणायला पोलीस दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा दोन्ही घोडे पडलेले होते. कुणी पाडले हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. खटला चालला. नानांनी पिंजऱ्यात उभं राहून सगळं सांगितलं, आणि सरकारी वकिलानं उठून माझं ते एकच वाक्य वाचून दाखवलं. कागदावर बाबी आणि अंता पारधीला नव्हतेच. लवूला अडीच वर्षांची शिक्षा झाली. सुटल्यावर तो कुणाला न सांगता गोव्याकडे गेला, खाणीवर असतो असं एकदा ऐकलं, नंतर काही ऐकलं नाही. खोटा पंचनामा केल्याबद्दल नानांचं मुख्याध्यापकपद गेलं. त्यांच्या कबुलीवर विश्वास ठेवणारं एक शिक्षणखातं तेवढं निघालं. दाजीसाहेबांना बंदूक परत मिळाली. त्यांनी तिला नवा दस्ता बसवून घेतला.

पण त्या दुपारी यातलं काही झालेलं नव्हतं. मी ठाण्याबाहेरच्या चिंचेखाली पारावर बसले होते. जीप गेली आणि पाऊण तासानं लवूला घेऊन आली. तो उतरला, मला बघितलं, ओळखीचं हसला आणि आत गेला. गुरुजी आत आहेत हे त्याला माहीत होतं, म्हणून तो इतक्या सरळपणे गेला.

थोड्या वेळानं चिऱ्याचा ट्रक रस्त्यावर थांबला आणि त्यातून त्याची बायको, शेवंती, उतरली. फडक्यात डबा बांधला होता. झाकणावरून रस्सा ओघळून फडकं तेलकट झालं होतं. सकाळचं मटणच असणार. ती धावत आली आणि माझ्यापुढे थांबली.

“ताई, तुमी हय आसास, बरा झाला. ह्येंका कशाक आणल्यानी ओ?”

“विचारायला.”

“गुरुजींनी सांगितल्यानी ना, बंदूक तेंका गावली म्हणान?”

“सांगितलं.”

तिला बरं वाटलं. तिनं पदरानं गळा पुसला. मग काही आठवून ती पुन्हा माझ्याकडे वळली, आणि आवाज खाली आणून विचारलं,

“आणि तुमका? तुमका इचारल्यानी काय? तुमी शिकलेली, तुमचा ते लिवन घेतले. तुमी पण तसाच सांगितलात मा?”

दार उघडं होतं. आतून नानांचा आवाज ऐकू येत होता, ते फौजदाराला कसली तरी तारीख सांगत होते. शेवंती डबा छातीशी धरून माझ्या तोंडाकडे बघत होती.

“हो,” मी म्हणाले. “तसंच सांगितलं.”

ते बोलायला मला क्षणभरही विचार करावा लागला नाही.